पीकाबू आणि स्पूकी: युटाच्या अरुंद घळींत गटाने घालवायचा एक दिवस

रानवाट

"ब्राइस कॅन्यनला जातोय, दहा-बारा जण आहोत, जवळपास एखादी अरुंद घळ होईल का?" हा प्रश्न इथे दर थोड्या दिवसांनी येतो, आणि प्रत्येकाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून तेच तेच लिहिण्यापेक्षा एकदा सगळं एका जागी लिहावं म्हणून हा धागा. आम्ही सॉल्ट लेक परिसरातली मंडळी ऑक्टोबरमध्ये पीकाबू आणि स्पूकी या दोन घळी एका दिवसात करून आलो. सोबत लहान-मोठे, सरावलेले आणि नवखे असे सगळे होते. फोटो सवडीने टाकेन.

जागा म्हणजे दक्षिण युटामधलं ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे नॅशनल मॉन्युमेंट, म्हणजे सरकारने राखलेला प्रदेश. १९९६ साली घोषित झालं, आणि बीएलएमच्या (ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) ताब्यातलं हे पहिलंच नॅशनल मॉन्युमेंट. हे नॅशनल पार्क नाही, त्यामुळे गेट नाही, शटल नाही, कठडे नाहीत, आणि चुकीच्या फाट्याला वळलात तर हटकणाराही कोणी नाही. दिवसाच्या ट्रेकला परमिट लागत नाही. मुक्काम करणार असाल तर मात्र घ्यावं लागतं.

एस्कलांटे गावाच्या पूर्वेला साधारण पाच मैलांवर हायवे १२ सोडून होल-इन-द-रॉक रोडला लागायचं. १८७९-८० च्या हिवाळ्यात मॉर्मन वसाहतकऱ्यांनी बैलगाड्या घेऊन कोलोरॅडो नदीकडे जाण्यासाठी काढलेली ही वाट. आजही कच्चीच आहे. सव्वीस मैलांवर ड्राय फोर्कचा फाटा येतो. रस्त्यावर इतक्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात की गाडीतलं माणूस आणि सामान दोन्ही खिळखिळं होतं. तासभर तरी धरा. साधी गाडी कोरड्या दिवसांत वरच्या पार्किंगपर्यंत जाते; खालच्या पार्किंगला उंच गाडीच हवी. वरून चाललात तर सगळं मिळून पाच-सहा मैलांचा फेरा होतो.

अंतर ऐकून गटातले निम्मे लोक निर्धास्त होतात. मला नेमकं इथेच बोलायचंय. या ट्रेकमध्ये मैल बघूच नका. सह्याद्रीत एखाद्याला धाप लागली तर तो कडेला बसतो, बाकीचे पुढे सरकतात, मागून गाठतात. घळीत कडेला अशी जागाच नसते. एक माणूस थांबला की मागचे सगळे थांबले, आणि पुढून दुसरा गट आला तर दोन्हीकडून कोंडी. म्हणून कोण पुढे, कोण मागे, कोण मध्ये, कोण आतच येणार नाही, हे सगळं पार्किंगमध्ये उभं राहून ठरवा. आत शिरल्यावर ते ठरवता येत नाही.

वरून उतरताना सँडस्टोनचा उघडा उतार लागतो, वाट दगडांच्या लगोऱ्यांनी दाखवलेली आहे. तळाशी ड्राय फोर्कचं वाळूचं पात्र. उजव्या अंगाला थोडं चाललं की पीकाबूचं तोंड दिसतं, आणि पहिला रॉकपॅच तिथेच. बारा-एक फुटांचा गुळगुळीत कातळ, त्यात खोदलेल्या खोबण्या. त्यात पायाचं बोट जेमतेम मावतं. खाली बऱ्याचदा चिखलाचं डबकं असतं, म्हणजे ओल्या तळव्यांनी चढायचं. आम्ही सराईत मुलगी आधी वर पाठवली, खाली दोघं उभे राहिले, आणि सगळ्या सॅका दोरीने वर ओढून घेतल्या. पाठीवर सॅक असली की ती माणसाला मागे खेचते. हे खूप जणांच्या लक्षात येत नाही.

वर गेलं की लगेच दुहेरी कमान. एका कमानीखालून वाकून जायचं, दुसरीवरून पाय टाकायचा, मग कंबरेएवढ्या एका गोल भोकातून आत. पुढे घळ वळत राहते. भिंतींवर तिरक्या रेघा आहेत, एकावर एक थर, मध्येच दिशा बदलणारे. ते जुरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांचे उतार. हात फिरवला की कण तळहाताला लागून येतात. मुलांना पीकाबू मनापासून आवडली.

पीकाबू संपते वर उघड्या वाळूत. तिथून पूर्वेला अर्ध्या मैलाहून जास्त चालून स्पूकीच्या वरच्या तोंडाशी जायचं. या टप्प्यावर सावली नाही. ठसे जिथे आहेत तिथेच चाला, कारण बाजूच्या जमिनीवरची ती काळसर, खरबरीत साय जिवंत असते. त्यात सूक्ष्मजीव आणि शेवाळं असतात, वाळू धरून ठेवण्याचं काम तीच करते. एका पावलाने मोडली तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

स्पूकी वेगळ्याच स्वभावाची आहे. आत गेल्यावर थोड्याच वेळात मोठे धोंडे अडकून बसलेले लागतात. त्यांच्यामधल्या एका फटीतून खाली उतरायचं, सहा-आठ फूट. पाय खाली सोडायचे तेव्हा तळ दिसत नाही. आधी उतरलेला माणूस खालून "डावा पाय अजून वीतभर खाली" असं सांगत राहतो. आम्ही वीसेक फुटांची दोरी हाताला आधार म्हणून लावली होती. जोराचं काम कोणाला करावं लागलं नाही, पण दोरी हातात आहे म्हटल्यावर नवख्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

धोंड्यांनंतर खरी अरुंद घळ. काही ठिकाणी दहा इंच. सॅक हातात, लांब पुढे धरलेली, मान एका बाजूला वळवलेली. एकदा वळवली की दुसरीकडे फिरवायला जागा नाही, म्हणून कोणत्या बाजूला बघत आत जायचं ते आधीच ठरवायचं. भिंतींमधून बारीक, कडक गोट्या बाहेर आलेल्या आहेत, लोहाच्या संयुगांनी घट्ट झालेले वाळूचे गोळे. शर्ट अडकतो, बटणं तुटतात. माझ्या पुढचा मित्र छातीशी अडकला. घाबरून माणूस खोल श्वास घेतो, आणि छाती आणखी फुगते. त्याला म्हटलं, सगळा श्वास सोड, गुडघे किंचित वाकव, जिथे फट रुंद आहे तिथे खाली सरक. सरकला. घळ बुडाशी रुंद आहे की कमरेशी, हे दर काही पावलांनी बदलतं. शरीर त्या उंचीवर नेलं की वाट मिळते.

आमच्यातला एक जण अंगाने बराच भरदार आहे. तो स्पूकीच्या तोंडाशी थांबला, आत डोकावला आणि म्हणाला, मी वरून फिरून येतो. सोबत एक जण गेला, दोघं आल्या वाटेने पीकाबूच्या बाजूने खाली पात्रात उतरून आमची वाट बघत बसले. मला त्या दिवसातला हा सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. गटात असा निर्णय घेणाऱ्याला कोणी टोमणा मारला नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

स्पूकीतून बाहेर पडलं की पुन्हा ड्राय फोर्कचं पात्र. वर चालत पीकाबूच्या तोंडावरून पार्किंगला परत. तो शेवटचा चढ दुपारच्या उन्हात जिवावर येतो, तेवढ्यासाठी पाणी राखून ठेवा. माणशी तीन लिटर. वाटेत पाणी नाही, फोनला रेंज नाही.

---

चकवा

एवढं बारकाईने लिहिल्याबद्दल खूप आभार. आम्ही नऊ जण एप्रिलमध्ये जातोय. भारतातून आई येतेय, वय ६४, चालणं रोजचं आहे पण गुडघे कुरकुरतात. मुलं ८ आणि ११ वर्षांची. आईला गाडीत बसवून ठेवणं मला पटत नाही. तिच्यासाठी काय करता येईल?

---

रानवाट

चकवा, गाडीत अजिबात बसवू नका. त्याच पात्रात वरच्या अंगाला ड्राय फोर्क नॅरोज आहे. तीही घळच, उंच भिंतींची, पण तळ सपाट वाळूचा आणि बऱ्यापैकी रुंद. चढ-उतार नाही, सावली असते. पार्किंगवरून पात्रात उतरायचा टप्पा मात्र काकूंना जमायला हवा, तिथे दोन काठ्या आणि सोबत एक हात. तेवढं झालं की त्यांना खऱ्या घळीत अर्धा दिवस निवांत फिरता येईल. सोबत एक मोठं माणूस ठेवा.

मुलांना स्पूकी मोठ्यांपेक्षा सोपी जाते, अंगं बारीक असतात. अडचण फक्त धोंड्यांच्या उतारावर, तिथे एक मोठा आधी खाली हवा आणि एक वर. आणि मुलं पुढे पळतात. वळणापलीकडे गेलेलं मूल दिसत नाही, आवाजही विचित्र फिरतो. पुढच्या माणसाच्या पुढे कोणी जायचं नाही, हा नियम त्यांना आदल्या रात्रीच सांगा.

---

पाणवठा

लेख उत्तम, पण पुराबद्दल एक ओळही नाही? मी बरीच वर्षं फिनिक्समध्ये आहे, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या पेज गावाजवळच्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. वादळ काही मैल दूर, वरच्या बाजूला झालं होतं. गटातला फक्त वाटाड्या वाचला. १४ सप्टेंबर २०१५ ला झायन नॅशनल पार्कमधल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा अख्खा गट पुरात दगावला, सगळे प्रौढ. मार्च २०२३ मध्ये बकस्किन गल्च या घळीतही पुराने माणसं गेली, म्हणजे फक्त उन्हाळ्यातच धोका असतो असंही नाही.

डोक्यावर निळं आकाश बघून लोक आत शिरतात. घळीतून आकाशाची जेमतेम चिंधी दिसते, त्यावरून काय कळणार? पाणी येतं वरच्या सगळ्या पाणलोटातून. उघडा कातळ पाणी शोषत नाही, कडक झालेली माती शोषत नाही, झाडी नाही. पडलेला थेंबन् थेंब धावत त्या एका फटीत येतो, आणि सोबत वाळू, ओंडके, दगड. पुढच्या वेळी घळीत वर बघा, भिंतींच्या मध्ये अडकलेले ओंडके दिसतात. ते कोणी तिथे ठेवलेले नाहीत.

---

रानवाट

पाणवठा, पूर्ण सहमत, आणि हे तुमच्याकडून आलं ते बरं झालं. या भागासाठी नॅशनल वेदर सर्व्हिस रोज अचानक येणाऱ्या पुराचा अंदाज देते, चार पायऱ्यांचा: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. आमचा नियम असा की पहिल्या पायरीखेरीज काहीही असलं तर त्या दिवशी घळ नाही. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथल्या मान्सूनमध्ये दुपारी ढग चढतात, त्या दिवसांत मी गट घेऊन जातच नाही. सकाळी निघताना एस्कलांटेच्या व्हिजिटर सेंटरमध्ये थांबायचं. रस्त्याची अवस्था, डबक्यांत पाणी किती, सगळं तिथे ताजं कळतं. ऑक्टोबरात आम्ही गेलो त्याच्या आदल्या दिवशी शक्यतेचा इशारा होता, म्हणून आम्ही तो दिवस ब्राइसमध्ये काढला.

---

कातळकडा

पुण्याहून लिहितोय, अमेरिकेला येणं होईल तेव्हा होईल. पण वाचताना सारखी साम्रदची सांदण दरी डोळ्यांसमोर येत होती. तिथेही भिंती जवळ येतात, पाण्यातून जावं लागतं, शेवटी रॅपल, म्हणजे दोरावरून उतरणं. आम्ही डिसेंबरात करतो, पावसाळ्यात कोणी नाव काढत नाही. मग तिथल्या भिंती चिरल्यासारख्या सरळ का आणि या घळींच्या, नेटवरच्या फोटोंत दिसतात तशा, लाटांसारख्या का? आणि इथल्या सवयीने चढलो तर चालेल का?

---

रानवाट

कातळकडा, फरक दगडाचा. सांदण बेसॉल्टची. लाव्हाचा कठीण थर, तो सांध्यांवर फुटतो, म्हणून भिंती उभ्या, कडा तुटक, आणि तळाला घराएवढे धोंडे. इथला नव्हाहो सँडस्टोन म्हणजे सुमारे १८-१९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटाची वाळू, कणांना कणांनी हलकेच धरून ठेवलेलं. पुराच्या पाण्यातली वाळू त्याला घासते. पाणी वळणावर भोवरा घेतं तिथे भिंत आत खोदली जाते, आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत येतं तिथे दुसरी खोदली जाते. तुम्ही बघता ती वळणं पाण्याच्या वाटेची आहेत.

सवयींचं म्हणाल तर चिमणी चढायची सवय इथे फार उपयोगी, पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला. पण बेसॉल्टच्या खाचेवर जसा निर्धास्त भार टाकता तसा इथे टाकू नका. पाऊस पडून गेल्यावर सँडस्टोन आतून ओला राहतो आणि कमजोर होतो, बाहेरून कोरडा दिसला तरी. पकड हातात तुटून येते. आणि बुटांच्या तळव्याखालची वाळू झटकल्याशिवाय कातळावर पाय ठेवू नका.

---

सरळरेघ

माझं मत थोडं वेगळं आहे. आम्ही चौदा जण होतो, स्पूकीतून वर आणि पीकाबूतून खाली आलो. सगळे एकत्र होतो त्यामुळे मजा आली, एकमेकांना धीर मिळाला. इतके नियम केले की सहलीची शाळा होते. लोकांना उगाच घाबरवू नये.

---

रानवाट

सरळरेघ, तुमचा दिवस छान गेला हे वाचून आनंद झाला. पण दिशेबद्दल मी ठाम आहे. बहुतेक लोक पीकाबूतून वर आणि स्पूकीतून खाली येतात, बीएलएमही तेच सुचवते. स्पूकीच्या दहा इंचात दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. आम्हाला त्या दिवशी समोरून एक मोठा गट आला. त्यांच्या म्होरक्याने थांबायला नकार दिला. आमच्यातली लहान मुलं आणि दोन नवखी माणसं उलट पावली मागे सरकत एका जरा रुंद कोनाड्यापर्यंत गेली, आणि ती सगळी रांग जाईपर्यंत आम्ही भिंतीला चिकटून उभे होतो. एका मुलीला रडू फुटलं. त्या वेळी कोणाला चक्कर आली असती तर मदत पोचायला वाटच नव्हती.

शिवाय धोंड्यांच्या फटीतून खाली सरकणं जमतं, तिथून वर चढणं नवख्याला जमेलच असं नाही. आणि पीकाबूच्या शेवटच्या बारा फुटांत उतरताना खोबण्या दिसत नाहीत, पाय चाचपडत टाकावे लागतात.

चौदा जणांचं म्हणाल तर दोन तुकड्या करा. दोन्हींत एक जाणता पुढे, एक मागे, मध्ये वीस मिनिटांचं अंतर, भेट पीकाबूच्या वर. मजा काडीचीही कमी होत नाही, उलट धोंड्यांपाशी रांगेत उभं राहणं वाचतं.

---

उत्तरा

मला बंद जागेची भीती वाटते. लिफ्टमध्येही वाटते. नवरा आणि मुलं पीकाबू-स्पूकीसाठी मागे लागली आहेत. "तिथे गेलीस की जाईल भीती" असं सगळे म्हणतात. खरंच जाते का?

---

रानवाट

उत्तरा, तशी खात्री मी देणार नाही, आणि कोणी दिली तर ऐकू नका. तुम्ही पीकाबू करून बघा. तिच्यात वर बऱ्याच ठिकाणी मोकळं आकाश दिसतं आणि घळ लांब नाही. वर पोचल्यावर आत कसं वाटलं ते स्वतःला विचारा. मन नाही म्हणालं तर स्पूकीत जाऊ नका, कारण स्पूकीत मध्यावर मन बदललं तर मागच्या सगळ्यांना उलटं चालवावं लागतं. आणि नवऱ्याला हे आधी सांगून ठेवा, की वरून परत फिरलात तर तो तुमच्यासोबत येणार आहे. एकटं कोणी परतायचं नाही, त्या वाळूत लगोऱ्या चुकल्या की पात्रात उतरायची जागा सापडत नाही.

---

पाणवठा

उत्तरा, लहान मुलं असतील तर गॉब्लिन व्हॅलीजवळची लिटल वाइल्ड हॉर्स कॅन्यनही बघा. सॅन राफेल स्वेलमध्ये आहे. भिंती जवळ येतात पण चिमटीत पकडल्यासारखं होत नाही, आणि मन झालं तिथून परत फिरता येतं. पूर्ण फेरा बेल कॅन्यनमार्गे आठेक मैलांचा, पण अर्धी बघून परतणारेच जास्त. पुराचा नियम तिथेही तोच, मे २०२० मध्ये त्या परिसरात पुरात दोन लहान बहिणी गेल्या.

---

उत्तरा

दोघांचेही आभार. नवऱ्याला हा धागा वाचायला दिला. आता पीकाबूपर्यंतच ठरलंय, तो माझ्यासोबत परतेल आणि मोठा मुलगा त्याच्या मामासोबत स्पूकी करेल.

---

चकवा

आमचंही ठरत आलं. आई आणि माझी बहीण ड्राय फोर्क नॅरोजमध्ये, बाकी सात जण फेरा. दोन शंका राहिल्या. एप्रिलमध्ये स्पूकीत पाणी असतं का? आणि आदल्या दिवशी पाऊस झाला आणि आमच्या दिवशी लख्ख ऊन असेल, तर रस्ता चालेल ना?

---

रानवाट

स्पूकी बहुतेक कोरडी असते. पीकाबूच्या तोंडाशी मात्र वसंतात गुडघाभर गार पाणी असू शकतं, मुलांना सुके मोजे सोबत द्या.

रस्त्याचं उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. तिथल्या मातीत पाण्याने फुगणारी चिकणमाती आहे. ओली झाली की चाकांना थरावर थर चढतो, फोर-व्हील ड्राइव्ह गाड्याही आडव्या होतात, आणि तिथून ओढून आणायचा खर्च ऐकवत नाही. वर ऊन असलं तरी सखल भागात ओल राहते. व्हिजिटर सेंटरने रस्ता सुकला असं सांगितलं तरच निघा. नाही म्हणाले तर हायवे १२ वरूनच सुरू होणारा लोअर काफ क्रीक फॉल्स करा. डांबरी रस्ता थेट पार्किंगपर्यंत, जाऊन-येऊन सहा मैल, शेवटी १२६ फुटांचा धबधबा. वाट वाळूची आहे पण चढ फारसा नाही, काकूंना जमेल तिथपर्यंत जाऊन परत फिरता येतं.

आणि गॅस (पेट्रोल) एस्कलांटेमध्येच पूर्ण भरून घ्या. होल-इन-द-रॉकवर पंप नाही.